अण्णांची ट्रेडल पुन्हा चालवताना: मे ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

घरातली जुनी ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, भंगारात द्यावी की चालवावी, या विचारात कुणी असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी. आमचा छापखाना सांगलीत, मारुती रोडच्या आतल्या बोळात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो १९७८ ते २०१९ चालवला. २०१९ च्या पुरात मशीन बुडालं आणि त्यानंतर शटर उघडलं ते फक्त लक्ष्मीपूजनाला. अण्णा डिसेंबर २०२३ मध्ये गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची सोळा पानी पुस्तिका द्यायची आणि ती त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) छापायची असं मी ठरवलं. मी पुण्यात बँकेत नोकरी करते. मशीनला आयुष्यात हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता, हे जास्त खरं.

१८ मे, शनिवार

शटर उघडायलाच अर्धा तास गेला. भिंतीवर पुराची रेघ अजून तशीच आहे, माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी पंचेचाळीसची. तेव्हा कामगार लावून गाळ काढला होता, तो वरवरचा. खिळ्यांच्या केसींमध्ये (खिळे ठेवायच्या खणाखणांच्या लाकडी ट्रेंमध्ये) तो वाळून विटेसारखा झालाय.

भंगारवाला सकाळीच येऊन गेला, दादानेच बोलावला होता. किलोला बत्तीस रुपये. मशीन सहा-साडेसहाशे किलोचं, म्हणजे वीस हजार कुठे गेले नाहीत. दादा म्हणाला, "पुस्तिका ऑफसेटवर काढ, सात हजारांत दोनशे प्रती मिळतील, दोन दिवसांत." त्याचा हिशोब बरोबर होता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी फसू नये.

मोजदाद: लोखंडी सांगाडा शाबूत. चाक फिरत नाही. पायपट्टीचा दांडा वाकलेला. अक्षरांना शाई लावणारे रूळ तीन, तिन्ही गेलेले. सरस आणि ग्लिसरीनचे जुने ओतीव रूळ होते, पाणी पिऊन फुगले आणि मग कुजले. लाकडी केसींची घरं फुगून उकललीत, त्यामुळे या घरातला खिळा त्या घरात. सगळी खिचडी.

८ जून

आजची चूक ठळक लिहून ठेवते. गंज काढायला व्हिनेगर चांगलं, असं कुठे तरी पाहिलं होतं. लोखंडाला ते चालतंही. मी मात्र त्याच बादलीत १२ पॉइंटाचे (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) दोनेक किलो खिळेही टाकले आणि जेवायला गेले. खिळे शिशाचे असतात, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील. व्हिनेगर शिसं खातं. परत येऊन पाहते तर खिळ्यांवर पांढरी भुकटी. ती भुकटी विषारी असते, हे नंतर कळलं, तोवर हात बुडवून झाले होते. ते दोन किलो खिळे गेलेच. तोंडावर बारीक रेघा असतात, त्याच झिजल्या तर उरलं काय!

खिळे धुवायचे ते रॉकेलने आणि मऊ ब्रशने. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून टर्पेंटाइन आणि थोडं डिझेल घेतलं. हातमोजे, मास्क, आणि काम संपेपर्यंत चहासुद्धा नाही. दादाची धाकटी, चार वर्षांची, दारात येऊन बसते. तिला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही.

२३ जून

दुसरी चूक, पहिलीपेक्षा महाग. मशीनच्या बेडवर, म्हणजे जिथे जुळवलेली पानं उभी राहतात त्या सपाट पत्र्यावर, गंजाचे चट्टे होते. मी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फिरवला. ग्राइंडर निसटला आणि कडेने चार बोटं लांबीची चर पडली. मिस्त्री आला, चरीवरून नख फिरवलं आणि काहीच बोलला नाही. माझ्याकडे न बघता चाकाच्या बेअरिंगकडे वळला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

चाक मोकळं व्हायला दीड दिवस लागला. वाकलेला दांडा तापवून सरळ केला. मिस्त्रीचे साडेतीन हजार. बेडला हात लावायचा असेल तर बारीक पॉलिश पेपर, तेल आणि सबुरी. ग्राइंडर नाही.

६ जुलै

कोल्हापूरहून रबराचे रूळ आले. तीन रूळ, चार हजार आठशे. बसवले, शाईची तबकडी फिरवली, एक जुना मजकूर लावून पाहिला. सगळं काळं, अक्षरांची पोटं भरलेली. 'ब' आणि 'व' ओळखू येईनात.

कारण शोधण्यात पुढचा शनिवारही गेला. रुळाच्या दोन्ही टोकांना लहान चाकं असतात, ती बाजूच्या पट्ट्यांवरून धावतात. रुळाची जाडी त्या चाकाएवढीच हवी. मी माप दिलं होतं जुन्या रुळाचं, आणि जुना रूळ पाणी पिऊन फुगलेला! नवे रूळ अडीच मिलिमीटरने जाड झाले. परत कोल्हापूर, परत घासणी, वर नऊशे रुपये. माप चाकाचं घ्या.

२७ जुलै

आज काम शून्य. कोयनेतून पाणी सोडलंय, नदी चढतेय, गल्लीत सगळ्यांचे चेहरे २०१९ चे. दुपारपासून दादा आणि मी केसी पोटमाळ्यावर चढवतोय. एका केसीचं वजन दहा-बारा किलो, आणि लोखंडी शिडी. दादा एरवी 'भंगार' म्हणतो, पण आज एकही केस त्याने मला एकटीला उचलू दिली नाही.

पोटमाळ्यावर मागच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक गॅली, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायचा ट्रे, सापडली. वर सुतळीने बांधलेला मजकूर. पुराच्या रेघेच्या वर राहिल्यामुळे कोरडा, झळझळीत. अण्णा काम झालं की मजकूर सोडवून खिळे केसीच्या घरांत परत टाकत. इतका मजकूर बांधून ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. मी वाचायचा प्रयत्न केला; सगळं उलटं, डोकं गरगरलं. गॅली बाजूला ठेवली. पाणी आमच्या बोळापर्यंत आलं नाही.

१७ ऑगस्ट

अण्णांकडे बावीस वर्षं कंपोझिटर (खिळे जुळवणारे) असलेले काका आले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हात मात्र तयार. दिवसाला पाचशे रुपये ठरले. ते नको म्हणत होते, आईने आतून सांगितलं, "ह्यांनी फुकट काम कुणाकडून करून घेतलं नाही, आपण कशाला सुरू करायचं?"

काकांनी आल्याआल्या मला धडा दिला. मी स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरून ओळ जुळवायच्या पट्टीत, खिळे लावत होते, खिळ्याच्या अंगावरची खाच खाली. "खाच वर ठेवा ताई, वर! मालकांनी पाठीत घातला असता." मग गॅली कशी वाचायची ते दाखवलं. आपल्या बाजूने अक्षरांचे पाय वर आणि शिरोरेषा खाली येईल अशी धरायची, की डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतं. पोटमाळ्यावरची गॅली त्यांनी क्षणभर पाहिली आणि म्हणाले, "ही राहू द्या. ही शेवटी लावू."

खिचडी निवडायचं काम आईने घेतलं. तांदूळ निवडावेत तसं. एनामलच्या जुन्या ट्रेमध्ये खिळे पसरायचे, चष्मा नाकाच्या टोकावर, बोटाने एकेक सरकवायचा. (स्वयंपाकातली परात वापरू नका. तो ट्रे आता कायमचा छापखान्याचा.) अर्ध्या तासात ती खिळ्याचं तोंड न बघता, पोटाच्या जाडीवरून काना वेगळा काढायला लागली. मी थक्क. काकांना काहीच नवल वाटलं नाही. प्रुफं चाळीस वर्षं तिनेच तपासली होती: दुपारच्या डब्याच्या पिशवीतून प्रुफं घरी यायची, ओट्यावर लाल पेन्सिलीने दुरुस्त व्हायची आणि संध्याकाळच्या चहाबरोबर परत जायची. आमच्या घरी पोळीला शाईचा वास हा तक्रारीचा विषय नव्हता.

मोजल्यावर कळलं की १२ पॉइंटात 'ळ' फक्त सात उरलेत. सांगलीत, हळदीच्या पेठेतल्या छापखान्याची गोष्ट सांगायची आणि ळ सात! मिरजेच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून नऊ किलो खिळे किलोला अडीचशेने आणले. उंची जुळली, वळण थोडं वेगळं निघालं. पुस्तिकेत काही ळ जरा ठेंगणे दिसतात, ते मिरजेचे.

१५ सप्टेंबर

मजकूर गोळा करण्यात तीन आठवडे गेले. इथे मशीनपेक्षा जास्त अडलं.

पहिला मसुदा मी लिहिला तो शोकसभेत वाचायच्या भाषणासारखा झाला. कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. आईने लाल पेन्सिल घेतली आणि ते तिन्ही शब्द खोडले. "हे पत्रिकेतलं वाटतंय. काय करायचे ते लिही."

म्हणून काय करायचे ते लिहिलं. रोज संध्याकाळी सात वाजता मशीन बंद, कारण साडेसातला सगळ्यांनी एकत्र जेवायचं. निवडणुकीचे पंधरा दिवस सोडले तर हा नियम मोडला नाही. आमची बारशाची, मुंजीची, लग्नाची निमंत्रणं त्यांनी स्वतः जुळवली. ती काकांनाही देत नसत. आमच्या वह्यांवर लावायला नावाच्या चिठ्ठ्या छापून द्यायचे, हळद अडतीच्या पावतीपुस्तकांच्या उरलेल्या कागदावर, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीच्या चिठ्ठीमागे 'पोती' आणि 'वजन' असे रकाने असायचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट ऐकावी लागे: आपल्या शेजारच्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापली, मग पुण्या-मुंबईच्या छापखान्यांची कौतुकं आम्हाला सांगू नका. गिऱ्हाइकाला हवी असायची पावतीपुस्तकं, उद्यापर्यंत.

एक गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती, आईला सोडून. तेराव्याला आलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, तुमच्या वडिलांचं एक देणं आहे, सांगेन कधी तरी. या रविवारी त्यांच्या घरी गेले. १९८९ साली त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मुहूर्त ११.३५ चा ११.५३ झाला होता. दोन खिळ्यांची अदलाबदल. तीनशे पत्रिका घरी पोचल्या होत्या, निम्म्या टपालात जायला बांधल्या होत्या. चूक त्यांना दिसलीच नव्हती. अण्णांना रात्री फाईल कॉपी (छापलेल्या कामाची जपून ठेवायची प्रत) लावताना दिसली. रात्रभर बसून सगळ्या पुन्हा छापल्या, पहाटे सायकलवरून नेऊन दिल्या आणि जुना गठ्ठा उचलून आणला. पैसे घेतले नाहीत. मी सात वर्षांची होते. कागदाच्या रिमांवर गोधडी टाकून झोपल्याचं मला पक्कं आठवतं, मशीनचा खट्-खट् आवाज आठवतो, आई उलटे कागद सुलटे करत बसलेली आठवते. का, ते पस्तीस वर्षांनी कळलं.

आता दादाचं. तो म्हणाला, हेच सगळं लिहिणार असशील तर १९९६ पण लिही. त्या साली ऑफसेट घ्यायची संधी होती, कर्जासाठी घर गहाण ठेवावं लागणार होतं. अण्णांनी नकार दिला. पुढच्या पाच वर्षांत लग्नपत्रिका सगळ्या डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर जुळवणी करणाऱ्यांकडे) गेल्या, दादाने धंद्यात यायचा विचार सोडला, आमच्याकडे उरली पावतीपुस्तकं आणि नंबरिंग. "घर वाचवलं म्हणून धंदा गेला," असं दादाचं वाक्य. मी दोन दिवस टाळलं. मग ते जसंच्या तसं घातलं, पान ११ वर, त्याच्या शब्दांत. छापल्यानंतर ते पान त्यानेच दोनदा वाचलेलं मी पाहिलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

वर्षाच्या आत सण नको, पण मशीनची पूजा चुकवायची नाही, असं आईचं म्हणणं. झेंडूची एक माळ चाकाला, बाकी काही नाही. दुपारी पहिलं खरं प्रूफ काढलं. चरीच्या जागी अक्षरं पुसट. काकांनी बेडला हात न लावता, पॅकिंगच्या, म्हणजे छापायच्या कागदामागे असणाऱ्या, कागदाखाली तेवढ्याच जागी पातळ कागदाचे तुकडे चिकटवले. एक, मग दुसरा, मग तिसरा त्याहून लहान. दोन तास चिकटवाचिकटवी, आणि पुसटपणा गेला. चर गेलेली नाही. ती आता तिथे आहे हे फक्त आम्हाला माहीत.

२६ ऑक्टोबर

छपाई सुरू. पुस्तिका साडेसात बाय पाच इंची, एका वेळी दोन पानं. आमच्याकडे खिळेच तेवढे: दोन पानं जुळवा, छापा, सोडा, पुढची दोन जुळवा. अण्णा पायाने चालवून तासाला आठशे काढत. मी अडीचशे, तेही पोटरीत गोळा येईपर्यंत.

आजची चूक: पाठपोट. कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. मी पलटताना कागद डोक्याकडून फिरवला, त्यामुळे मागची पानं उलटी आली. साठ कागद गेल्यावर लक्षात आलं. कोऱ्या कागदाची घडी घालून, पानांचे आकडे पेन्सिलीने लिहून एक नमुना आधी करा आणि मशीनशेजारी टांगा. काकांनी मला हे सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं होतं.

फोटोचा ठसा करून देणारं आता सांगलीत सापडलं नाही. फोटो ऑफसेटवर काढून दोनशे प्रतींना हाताने चिकटवले. ही तडजोड आहे.

१० नोव्हेंबर

विधानसभेची निवडणूक २० तारखेला, आणि तिथीने वर्षश्राद्धही त्याच दिवशी. बाइंडर म्हणाला, पत्रकांचं काम आहे, २० नंतर या. अण्णा असते तर त्यांनीही असंच सांगितलं असतं, म्हणून रागावता येईना. शेवटी पिना मारायचं मशीन भाड्याने आणून घरीच केलं.

शेवटचं पान राहिलं होतं. काकांनी पोटमाळ्यावरची गॅली काढली आणि सुतळी सोडली.

ते दिवाळीचं शुभेच्छापत्र होतं. दरवर्षी अण्णा तेच वापरत, २०१८ पर्यंत. वर एक ओळ शुभेच्छांची, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, मोठ्यापासून लहानापर्यंत, एकाखाली एक. नवं माणूस आलं की एक ओळ वाढायची. मी फाईल कॉप्यांचा गठ्ठा आणून तुलना केली. यादीत सगळ्यात वर, पहिल्या नावाच्या आधी दोन ओळींची रिकामी जागा आहे. ती मला लहानपणापासून दिसायची. मला वाटायचं, मांडणी चुकलीय. आता खिळ्यांत पाहिलं: आजोबा गेले त्या वर्षी अण्णांनी त्यांचं नाव काढून तेवढ्याच रुंदीचे कोरे क्वाड (रिकामी जागा भरायचे, न उमटणारे ठोकळे) भरले. आजीच्या वेळीही. ओळ मिटवून खालची नावं वर सरकवली नाहीत.

काकांनी चिमटा हातात घेऊन आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "काढा." त्यांनी तिसरी ओळ उचलली, स्टिकमध्ये ठेवली, बोटांनी रुंदी मोजली आणि क्वाड भरले. एक बारीक स्पेस कमी पडत होती, ती आईने ट्रेमधून शोधून दिली. मग सगळ्यात खाली दादाच्या धाकटीचं नाव जुळवलं. ती २०२० ची, यादीत कधी आलीच नव्हती. दारातून ओरडून तिने विचारलं, माझं नाव उलटं का लिहिताय?

२० नोव्हेंबर

दोनशे प्रती. त्यातल्या १४१ वाटल्या. लोक मतदान करूनच येत होते, पुस्तिका घेणाऱ्या बहुतेक हातांच्या बोटाला शाई. १९८९ च्या पत्रिकेवाल्या गृहस्थांनी चार प्रती मागून घेतल्या.

एकूण खर्च २३,३५०. पुणे-सांगली येणंजाणं वेगळं. त्यात काकांचे बारा दिवसांचे सहा हजार. चुकांमुळे गेलेले सहा शनिवार-रविवार, नऊशे रुपये, दोन किलो खिळे, साठ कागद. पान ७ वर 'छापखाना' हा शब्द 'छपाखाना' असा गेलाय. आईने प्रुफात पकडला होता, दुरुस्ती करायची मी विसरले. तिने अजून विषय काढलेला नाही.

२४ नोव्हेंबर

मशीनला तेल दिलं, रूळ काढून गुंडाळून उभे ठेवले (आडवे ठेवले तर एका बाजूने चपटे होतात). दादाने भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं; मला सांगितलं नाही, काकांकडून कळलं.

अण्णांच्या नावाचे खिळे स्टिकमध्येच पडून होते. काकांनी ते बोटांत धरले आणि एकेक करून ज्याच्या त्याच्या घरात टाकले. शुभेच्छापत्राची गॅली मी बांधली, सुतळीच्या गाठीला तीनदा चुकले. ती पोटमाळ्यावर मागच्या कोपऱ्यात ठेवलीय, २०१९ च्या रेघेच्या वर.